जपानी कान व कोरियन उपरोध

परभाषा अमक्यास येते असें केव्हां म्हणावें, याची कसोटी निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळी ठरविलेली आहे. कोणी व्याकरण पाहतो, कोणी उच्चार पाहतो, कोणी परीक्षेचें प्रमाणपत्र पाहतो. आमच्या मतें खरी कसोटी एकच आहे. त्या भाषेंत कोणी आपणांस टोमणा मारला असतां तो टोमणा आहे हें ज्यास त्याच क्षणीं कळतें, त्यास ती भाषा आली. स्तुतीच्या शब्दांनीं निंदा करावी, निंदेच्या शब्दांनीं लाड करावे, उशिरा येणाऱ्यास 'वा, फारच लवकर आलांत!' असें म्हणावें, हा व्यवहार एका देशाचा किंवा एका भाषेचा नाहीं. आणि सर्व शब्द कळूनही अर्थ मात्र हातचा जाण्याचा प्रसंग परक्यावर येतो तो मुख्यतः येथेंच.

हा विषय आज काढण्याचें कारण असें. आपल्याकडे पूर्व आशियांतील भाषांचा अभ्यास वाढत आहे. जपानी शिकणारे पुण्यांत पुष्कळ वर्षांपासून आहेत, व अलीकडे कोरियन भाषेकडेही तरुण मंडळी मोठ्या हौसेनें वळत आहेत. या मंडळींत एक मत वारंवार ऐकूं येतें. तें असें कीं, जपानी मनुष्यास कोरियन भाषा शिकण्यास कांहींच सायास पडत नाहींत, कारण ती त्याच्या भाषेची बहीणच होय. आणि इतकें असूनही कोरियन उपरोध जर त्याला उमगत नसेल, तर तो दोष जपानी स्वभावाचा, कारण त्या लोकांस उपरोध म्हणून कळतच नाहीं. या मताचें पहिलें अंग चुकीचें आहे व दुसरें अन्यायाचें आहे. जपानी विद्यार्थी कोरियन उपरोधाला पुष्कळदां फसतो हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचें कारण त्याच्या स्वभावांत नाहीं. तें दोन भाषांच्या जवळिकींत आहे, शिकविण्याच्या रीतींत आहे, आणि दोन देशांच्या इतिहासांत आहे.

प्रथम स्वभावाचा आरोप घेऊं. ज्या भाषेंत उपरोधास रोजच्या वापरांतला स्वतंत्र शब्द आहे, ती बोलणाऱ्यांस उपरोध कळत नाहीं असें म्हणणें धाडसाचें आहे. जपानींत उपरोधाला 'हिनिकु' म्हणतात. हा शब्द लिहितांना 'कातडी' व 'मांस' या अर्थाचीं दोन चिनी अक्षरें योजतात. आणि बोधिधर्मानें शिष्यांची पारख करतांना कोणास आपली कातडी लाभली, कोणास मांस, कोणास हाडें व कोणास मज्जा, असें म्हटल्याची जी कथा झेन पंथांत प्रसिद्ध आहे, तिच्याशीं या शब्दाचा संबंध जोडतात. फाजील अदब दाखवून अपमान करण्याच्या कलेला 'इन्गिन-बुरेइ' असें नांवच आहे. क्योतो शहराविषयीं तर अशी आख्यायिका आहे कीं, तेथील गृहिणीनें 'चहा-भात घेणार ना?' असें अगत्यानें विचारलें म्हणजे पाहुण्यानें आपले जोडे शोधावे. ही गोष्ट अतिशयोक्तीची असेल. पण ती जपानी लोकच एकमेकांस हंसत सांगतात, एवढें आमच्या कामापुरतें पुरे आहे. नात्सुमे सोसेकी याच्या १९०५-०६ सालच्या 'मी मांजर आहें' या कादंबरींत एक बिननांवाचें मांजर स्वतःसाठीं 'वागाहाइ' हें मोठ्या भारदस्त पुरुषांस शोभणारें सर्वनाम वापरतें. म्हणजे ग्रंथाच्या नांवांतील पहिल्याच शब्दापासून उपरोधास प्रारंभ होतो. शास्त्राकडे पाहिलें तरी तेंच. वक्त्याची अपेक्षा एक, प्रत्यक्ष स्थिति दुसरी, आणि त्या विसंगतीबद्दलची त्याची नाराजी, या तिहींच्या मिलाफांतून उपरोध उद्भवतो, असा सिद्धांत २००० सालीं सविस्तर मांडणारे उत्सुमि आकिरा हे जपानीच आहेत. तेव्हां सबंध राष्ट्राच्या कानांत हा दोष आहे असें म्हणणाऱ्यांनीं तें राष्ट्र आपल्या घरांत कसें बोलतें हें ऐकलेलेंच नाहीं, असें म्हणणें प्राप्त आहे.

मग घोडें अडतें कोठें? आम्ही म्हणतों, जवळिकींत. जपानी व कोरियन या एकाच कुळांतील भाषा आहेत असें सिद्ध झालेलें नाहीं. पण त्यांची बांधणी आश्चर्य वाटण्याइतकी सारखी आहे. दोहोंत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, दोहोंत नामापुढें प्रत्यय लागतात, दोहोंत आदरार्थाचा मोठा पसारा आहे. शिवाय चिनी भाषेंतून आलेला शब्दसंग्रह दोहोंत अफाट आहे. वचनाला जपानी मनुष्य 'याकुसोकु' म्हणतो, कोरियन 'याक्सोक' म्हणतो. मनाच्या अवस्थेला एक 'किबुन' म्हणतो, दुसराही 'किबुन'च म्हणतो. अशा भाषेंत विद्यार्थी शब्दास शब्द लावीत चालतो, व बहुतेक ठिकाणीं त्याचें चालतेंही. दहा वाक्यें अशीं बिनचूक लागलीं म्हणजे अकरावेंही लागलेंच असें तो गृहीत धरतो.

याचें एक उदाहरण आम्हांस फार बोलकें वाटतें. कोरियन भाषेंत 'दो' असा एक प्रत्यय आहे व जपानींत 'मो' असा आहे. दोहोंचा मुख्य अर्थ आपल्या 'ही' या अव्ययासारखा आहे. 'चांगलें' या अर्थाच्या क्रियाविशेषणास ते लावले कीं कोरियन 'जाल्दो' व जपानी 'योकुमो' हे शब्द तयार होतात. दोहोंतही चांगुलपणा मावळून नांगी उभी राहते. 'मोठा धीर केलास हो असें बोलायचा!' अशा थाटाच्या वाक्यांत ते शोभतात. येथें जपानी विद्यार्थ्यास कांहीं शिकावेंच लागत नाहीं. आतां तोच प्रत्यय 'लवकर' या अर्थाच्या शब्दास लावून पाहा. कोरियन भाषेंत 'प्पाल्लीदो ओन्दा', म्हणजे अक्षरशः 'लवकरही येतोस', हा उशिरा येणाऱ्यास मारलेला उघड टोमणा आहे. जपानींत मात्र 'हायाकुमो' याचा अर्थ 'अपेक्षेच्या आधींच, इतक्यांतच' असा सरळ आहे. त्यांत विषाचा थेंबही नाहीं. पहिल्या ठिकाणीं ज्या किल्लीनें कुलूप उघडलें तीच किल्ली दुसऱ्या ठिकाणींही चालेल असें समजून विद्यार्थी पुढें जातो, व आपल्या उशिराबद्दल यजमान रागावला आहे हें न कळतां उलट आभार मानतो. दूरच्या भाषेचा विद्यार्थी येथें थबकला असता, कारण त्यास प्रत्येक पाऊल जपून टाकण्याची संवय असते. जपानी विद्यार्थी थबकत नाहीं. त्याला अज्ञानानें फसविलेलें नाहीं, अर्धवट ज्ञानानें फसविलें आहे.

संज्ञांचीही तीच गत. कोरियन शाळांत उपरोधाला 'बानॉ' म्हणतात. तींच दोन चिनी अक्षरें जपानींत 'हान्गो' अशीं वाचतात; त्यांस उपरोध हा अर्थ कोशांत असला तरी जपानी विद्यार्थ्याच्या मनांत शाळेच्या जुन्या व्याकरणामुळें जो अर्थ ठसलेला असतो तो निराळाच, म्हणजे 'असें कोण करील? कोणीच नाहीं' या धाटणीच्या प्रश्नालंकाराचा. उलट जपानी 'हिनिकु'चीं अक्षरें कोरियन उच्चारानें वाचलीं तर हातीं खरोखरीच कातडी व मांस येतें, उपरोध येत नाहीं. कोरियन मनुष्य व्यवहारांत त्यासाठीं 'बिक्कोदा' हें क्रियापद वापरतो, व त्याचा मूळ अर्थ दोरीला पीळ देणें असा आहे.

आतां शिकविण्याच्या रीतीकडे वळूं. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं या बाबतींत जो विचार करून ठेविला आहे तो येथें उपयोगी पडतो. ज्या ध्वनींत शब्दांचा वाच्यार्थ समूळ टाकून द्यावा लागतो त्यास आनंदवर्धनानें 'अत्यंततिरस्कृतवाच्य' असें नांव दिलें. आणि अर्थापलीकडचा अर्थ कशानें सुचतो हें सांगतांना मम्मटानें वक्ता, श्रोता, काकु म्हणजे आवाजाचा हेल, प्रसंग, देश, काल अशीं अंगें मोजून दाखविलीं. क्रमिक पुस्तकांतील वाक्याला यांपैकीं काय असतें? वक्ता नाहीं, श्रोता नाहीं, हेल तर कागदावर उमटतच नाहीं. 'जाल हादा' म्हणजे 'चांगलें करणें', एवढें पुस्तक सांगतें. पुढें विद्यार्थी सोलला जातो, दोन वाक्यें बोलतो, आणि जो भेटेल तो त्यास 'हांगुंमाल जाल हाशिनेयो', म्हणजे 'आपण कोरियन छान बोलतां', असें म्हणतो. महिनोन्महिने हेंच ऐकून 'जाल' हा शब्द त्याच्या कानांत गोड होऊन बसतो. त्याच शहरांत पाण्याचें भांडें उपडें करणाऱ्या मुलास आई 'जाल हान्दा!' असें म्हणत असते. आपल्याकडे आई 'छान केलेंस हो!' म्हणते तसेंच हें. कोरियन मूल तें 'जाल' लांबवून म्हटलेलें ऐकतें, सांडलेलें पाणी पाहतें, आईचे डोळे पाहतें, आणि काय समजायचें तें समजतें. विद्यार्थ्याने हीं तीनही एकत्र कधीं पाहिलेलीं नसतात.

येथें एक गोष्ट विसरूं नये. उपरोध हा सलगीचा व्यवहार आहे. ज्याच्याशीं आदबशीर क्रियापदें वापरावयाचीं त्याच्याशीं मनुष्य जपून बोलतो; टोमणा घरांतल्याला, मित्राला, फार तर हाताखालच्याला. कोरियन भाषेंत तर आदबीची बोली व सलगीची बोली यांचीं क्रियापदेंच निराळीं असतात, व विद्यार्थ्यास प्रथम शिकवितात ती आदबीची. म्हणजे ज्या बोलींत उपरोध विशेषेंकरून राहतो तिच्या उंबरठ्याबाहेर त्यास पाहुणा म्हणून बसविलेलें असतें. त्याची सर्वजण वाखाणणी करतात, त्यास कोणी रागावत नाहीं. ज्यास कोणी रागावत नाहीं त्यास रागाची वांकडी वाट कशी दिसावी?

आदरार्थाचें उदाहरण याहूनही सूक्ष्म आहे. जपानी मनुष्य परक्यापुढें आपल्या वडिलांचा उल्लेख साध्या शब्दांनीं करतो. आपल्या माणसास परक्यापुढें मोठें म्हणूं नये हा त्याचा शिष्टाचार. कोरियन मनुष्य मात्र परक्यापुढेंही आपल्या वडिलांस आदरार्थीच बोलतो. हा फरक जपानी विद्यार्थ्यास लवकर शिकवितात, आणि तो शहाणा मनुष्य असल्यामुळें तो लक्षांत ठेवितो. पुढें केव्हां तरी एखादी कोरियन आई दुपारपर्यंत लोळणाऱ्या मुलाविषयीं 'आमचे चिरंजीव उठले वाटतें' अशा अर्थाचें, दुसऱ्याच्या मुलास लावावयाचा 'आदनिम' हा बहुमानाचा शब्द योजून बोलते. विद्यार्थी मनांत म्हणतो, 'कोरियन लोक आपल्या माणसांसही मान देतात, तेंच हें.' पण तो मान वर जाणारा आहे, वडिलांकडे व आजोबांकडे. तो खालीं मुलाकडे वळला कीं चेष्टा झाली. नियम त्यास अर्धाच सांगितला गेला. वास्तविक फाजील आदरानें टोंचण्याची युक्ति त्याच्या स्वतःच्या भाषेंत नांवानिशीं आहे; पण कोरियन रीत म्हणून जें शिकविलें त्याच्या आड ती ओळख लपून राहिली.

हेलाविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. चिआंग व पेल या संशोधकांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं, इंग्रजी बोलणारे उपरोध करतांना सूर खालीं आणतात, तर कँटोनीज बोलणारे तो वर चढवितात. म्हणजे उपरोधाचा सूर माणसामाणसांत उपजत एकच असतो हा समज टिकत नाहीं; तो भाषेगणिक शिकावा लागतो. तोक्योच्या जपानींत सुराचा चढउतार शब्दाशब्दास बांधलेला असतो व त्यावरून शब्दही बदलतो. सोलच्या कोरियन भाषेंत तो शब्दास बांधलेला नसून पदसमूहावर व वाक्याच्या शेवटावर खेळतो. ज्या कानास सूर शब्दांत शोधण्याची संवय, त्यास तो वाक्याच्या शेपटीशीं शोधावयास कोणी तरी शिकविलें पाहिजे हें उघड आहे. शब्दांच्या याद्या पाठ करून हें साधत नाहीं.

येथवर शिक्षणाचा प्रश्न झाला. परंतु हा प्रश्न नुसता शिक्षणाचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. जपानांत कोरियन लोकांविषयीं एक समज रूढ आहे कीं, कोरियन मनुष्य मनांतलें तोंडावर बोलतो, व जपानी मनुष्य आडून बोलतो. हा समज स्तुतीच्या रूपानें सांगितला जातो, पण तो घातक आहे. जो सरळच बोलतो असें आपण आधींच ठरविलें त्याच्या बोलण्यांत वांकडें कांहीं शोधण्याचें कारणच उरत नाहीं. आणि कोरियन वाङ्मयावर ओझरती नजर टाकली तरी हा समज कोसळतो. ह्यॉन जिन-गॉन याची १९२४ सालची 'भाग्याचा दिवस' ही कथा घ्या. पावसाच्या दिवशीं एका रिक्षा ओढणाऱ्यास कधीं नव्हे इतकीं गिऱ्हाइकें मिळतात. आजारी बायकोनें मागितलेलें मांसाचें कढण घेऊन तो घरीं येतो, तों ती मेलेली असते. किम सोवॉल याची 'जिंदाल्ले' फुलांवरील कविता १९२२ सालीं प्रथम छापली गेली. सोडून जाणाऱ्या प्रियकरास निरोप देतांना आपण रडणार नाहीं असें जें तींत म्हटलें आहे, तें कोरियन शाळांत 'बानॉ'चा नमुना म्हणूनच शिकवितात. ज्या लोकांचीं मुलें उपरोधाची व्याख्या विरहाच्या कवितेवरून शिकतात, ते सरळच बोलतात असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

हें सर्व लिहिलें गेलें तो काळही लक्षांत घ्यावा. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर जपानचें राज्य होतें. तोक्योच्या परकीय भाषांच्या सरकारी शाळेंतील कोरियन शाखा १९२७ सालीं बंद झाली, ती पुन्हां उघडली १९७७ सालीं. मध्यें पन्नास वर्षें गेलीं. त्याच राज्यांत १९२१ सालीं वसाहतींतील सरकारी नोकरांस कोरियन भाषा शिकल्याबद्दल भत्ता देण्याचे नियम झाले. १९३८ सालीं शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक झाली, आणि १९४० सालच्या ऑगस्टांत दोन मोठीं कोरियन दैनिकें बंद करण्यांत आलीं. राज्यकर्त्यास प्रजेची भाषा हवी होती ती हुकूम पोंचविण्यास व कानोसा घेण्यास. प्रजेनें काय केलें? जें सरळ बोलतां येत नव्हतें तें तिनें उलटें करून सांगितलें. छे मान-सिक याची 'खुळा काका' या अर्थाच्या नांवाची १९३८ सालची कथा एक तरुण सांगतो. तो जपानी दुकानदाराच्या पदरीं आहे; जपानी बायको करावी, जपानी नांव घ्यावें, जपानी होऊन रहावें, हीं त्याचीं स्वप्नें आहेत; तुरुंग भोगून क्षयानें खंगलेल्या आपल्या समाजवादी काकाची तो मनसोक्त टिंगल करतो. वाचकानें प्रत्येक वाक्य उलटें करून वाचावयाचें. त्याच लेखकाची, त्याच वर्षीं मासिकांतून क्रमशः निघालेली व पुढें 'सुखशांतीचें जग' या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध झालेली कादंबरी एका म्हाताऱ्या सावकाराची आहे. परक्या पोलिसांच्या छायेंत आपली तिजोरी सुरक्षित आहे म्हणून तो या काळास रामराज्य समजतो, आणि स्वतःचा नातू तोक्योंत राजकीय आरोपाखालीं पकडला गेल्याची तार येतांच, असें सोन्यासारखें राज्य असतांना याला ही दुर्बुद्धि कां, म्हणून थयथयाट करतो. शब्दांवरच नजर ठेवणाऱ्यास त्यांत राज्यस्तुतीच सांपडेल.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, जपानी विद्यार्थ्यानें कोरियन उपरोध समजून घेणें ही केवळ संभाषणांतली चतुराई नव्हे. शेजाऱ्यानें आपल्या पूर्वजांविषयीं काय म्हटलें हें त्याशिवाय त्यास वाचतांच येणार नाहीं. आज काळ बदलला आहे. जपानच्या राष्ट्रीय नभोवाणीनें १९८४ सालीं या भाषेचे पाठ सुरू केले, तेव्हां भाषेचें नांव कोणतें घ्यावें याचा वाद टाळण्यासाठीं पाठांस 'हांगुल' या लिपीचें नांव दिलें. पुढें २००३ सालीं तेथें कोरियन दूरदर्शनमालिका लोकप्रिय झाल्या, व विद्यार्थ्यांची जातच बदलली. भत्त्यासाठीं शिकणारा अंमलदार गेला, प्रेमानें शिकणारा रसिक आला. हा बदल आनंदाचा आहे. पण अंमलदार संशयानें ऐकत होता आणि रसिक भक्तीनें ऐकतो. उपरोध दोघांच्याही हातून निसटतो. तो सांपडतो समोरच्यास आपल्यासारखाच बरावाईट, रागीट, खट्याळ मनुष्य समजून ऐकणाऱ्यास.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, उपरोध हा शिकविण्याचा विषय नव्हे. परदेशांत राहून तो आपोआप येतो, आणि शिकविला तर विद्यार्थी भलत्या ठिकाणीं वापरून मार खाईल. आमचें उत्तर असें कीं, समजणें निराळें व वापरणें निराळें. परक्यानें टोमणे मारावे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास मारलेले त्याला कळावे एवढेंच म्हणतों. 'आपोआप' म्हणाल तर आपल्या भाषेंतलाही उपरोध मुलास साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास उमगूं लागतो, तोंपर्यंत आईबापांनीं हजार वेळां 'छान केलेंस' म्हटलेलें असतें. परक्या विद्यार्थ्यास हे हजार प्रसंग कोण देणार? दुसरा आक्षेप असा कीं, व्यापाराला व प्रवासाला एवढ्या खोलांत शिरण्याची गरज नाहीं. ज्यास नुसता माल विकावयाचा आहे त्यास ती खरोखरच नसेल. पण भाषेचे वर्ग चालविणारे 'आम्ही दोन देश जवळ आणतों' असें अभिमानानें सांगत असतात. तो अभिमान खरा करावयाचा असेल तर एवढें केलेंच पाहिजे.

करावें काय, तेंही सांगतों. वाक्य शिकवितांना कोण कोणास म्हणतो हें प्रत्येक वेळीं सांगावें. सलगीची बोली शेवटच्या वर्षासाठीं राखून ठेवूं नये. 'दो' व 'मो' यांसारखीं जुळीं रूपें समोरासमोर मांडून तीं कोठें जुळतात व कोठें दगा देतात हें दाखवावें. आणि छे मान-सिक व ह्यॉन जिन-गॉन यांच्या कथा, सोप्या करून नव्हे तर टीपा देऊन, वर्गांत वाचाव्या. आपल्याकडील मंडळींसही आमचें हेंच सांगणें आहे. शेजारच्या भाषा शिकतांना आपणही शब्दास शब्द लावूनच वाट काढीत असतों. दुसऱ्या राष्ट्राच्या स्वभावावर शेरा मारण्याआधीं, आपणांस हिंदींत किंवा कानडींत कोणी चिमटा काढला तर तो आपणांस कळतो किंवा नाहीं, हें प्रत्येकानें एकदां तपासून पाहावें.